पोटदुखीचा दुसरा दिवस

सगळा घोळ दाढीपासून सुरू झाला. मास्तरांनी त्या सकाळी दाढी केली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मास्तरीणबाईंचं आजही ठाम मत आहे.

"अहो, आज राहू द्या ती दाढी," त्या म्हणाल्या होत्या. "आजारी माणसानं जरा आजारी दिसावं."

"मी आजारी आहे, गबाळा नाही," असं म्हणून मास्तर साबणाचा फेस करायला बसले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण तुळतुळीत दाढीला चुरगळलेला शर्ट कसा शोभणार? म्हणून इस्त्रीचा पांढरा शर्ट निघाला. पांढऱ्या शर्टाबरोबर पांढरी पँट आलीच. पांढऱ्या पँटखाली चपला घालणं हे मास्तरांच्या लेखी महापाप, म्हणून पलंगाखालून कॅनव्हासचे बूट बाहेर आले आणि त्यांना ओला खडू फासून झाला. आणि त्या पँटच्या उजव्या खिशात, दोन वर्षांपूर्वी होती तिथेच, शिट्टी होती. हे आपल्याला माहीतच नव्हतं असं मास्तर सांगतात. (आपण विश्वास ठेवायला हरकत नाही. मास्तरीणबाई ठेवत नाहीत.)

अपंगत्वाच्या भत्त्यासाठी सरकारी डॉक्टरांपुढे तपासणीला निघालेला तो माणूस आरशात असा काही दिसत होता, की शर्यतींचं बक्षीस वाटायला त्यालाच बोलावलंय असं वाटावं.

मास्तर म्हणजे शाळेतले व्यायामशिक्षक. गणिताचे, भाषेचे मास्तर शाळेत पैशाला पासरी होते, पण नुसतं 'मास्तर' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच उभे राहायचे. मैदानाच्या कडेला, कंबरेवर हात, गळ्यात शिट्टी. सकाळी शाळेचा शिपाई यायच्या आधी ते येत आणि स्वतःच्या हातानं फक्कीच्या पांढऱ्या रेषा आखत. दोरी न लावता. त्या रेषांवर पाय देऊन कुणी गेलं की मास्तरांना आपल्याच छातीवरून कुणी चालत गेल्यासारखं व्हायचं. थंडीच्या दिवसांत पोरांच्या तोंडातून वाफ निघायची, बूट नसलेली पोरं एका पायावर उभी राहून दुसरा तळवा पोटरीवर घासायची, आणि एक शिट्टी वाजली की ती सगळी कुडकुड क्षणात थांबायची. ते दिवस आठवले की मास्तर अजूनही बसल्या जागी छाती पुढे काढतात.

आणि मैदान आलं की आजारपणाच्या चिठ्ठ्या आल्याच. कुणाचं पोट दुखायचं, कुणाचा पाय मुरगळायचा, एकाचे तर दर शुक्रवारी केस दुखायचे. दुसरे शिक्षक एकतर सगळ्यांवर विश्वास ठेवत किंवा कुणावरच नाही. मास्तरांची रीत निराळी होती. चिठ्ठी वाचायचीच नाही. घडी करून खिशात टाकायची, पोराला कडेच्या बाकावर बसवायचं आणि म्हणायचं, "आज तुझं खरं. उद्या बघू."

खोटं दुखणं एका रात्रीत बरं होतं आणि खरं दुखणं दुसऱ्या दिवशी चेहऱ्यावर येतं, हा मास्तरांचा सिद्धांत. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ते त्या पोराला बरोबर हुडकून काढत. कालचा लंगडा आज पाण्याच्या नळापाशी कुस्ती खेळताना सापडला, की आठवडाभर चेंडू गोळा करायचं काम त्याच्याकडे. पोरगा शाळेतच आला नसेल तर मास्तर थेट त्याच्या घरी हजर. स्वतः मात्र ते कधी आजारी पडले नाहीत. आजार ही लोकांना होणारी गोष्ट आहे अशी त्यांची समजूत होती.

मग एकदा ताप आला. साधाच होता, आठवड्यात उतरला. पण जाताना मास्तरांची ताकद घेऊन गेला आणि ती काही परत केली नाही. डॉक्टरांनी या दुखण्याला एक भलंमोठं नाव सांगितलं. ते पुरतं म्हणेपर्यंतच मास्तरांना दम लागायचा.

दुखणं होतंही मोठं लबाड. एखादा दिवस असा चांगला जायचा की मास्तर दाराशी खुर्ची टाकून बसायचे, शेजाऱ्यांना सायकलमध्ये हवा कशी भरावी ते शिकवायचे, एखादा खिळा ठोकायचे. त्याची वसुली दुसऱ्या दिवशी सुरू. हात उचलत नसे, उजेड सोसत नसे, पाण्याचा पेला म्हणजे गोळाफेकीचा गोळा व्हायचा. शेजारी भेटले की म्हणायचे, "मास्तर, तब्येत तर झकास दिसतेय." दिसणारच. झकास असत तेव्हाच ते लोकांना दिसत. नसत तेव्हा आतल्या खोलीत पडदा ओढून पडलेले असत, आणि तिथे शेजाऱ्यांना कोण बोलावणार? असे पडून असले की मास्तर डोळे मिटून मनातल्या मनात मैदान आखायचे. आधी लांब बाजू, मग आडवी, मग धावपट्ट्या एकेक करून. बहुतेक वेळा मैदान पुरं होण्याआधीच ते थकून जायचे, आणि तेव्हा त्यांना खरोखर रडू यायचं.

शाळेनं रजा दिली तेवढी दिली, मग पगार थांबला. मास्तरीणबाई कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात जायला लागल्या. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभ्यानं काम. घरी आल्या की बादलीत कढत पाणी घ्यायच्या, सुजलेले पाय त्यात सोडायच्या आणि म्हणायच्या, "होईल सवय." मास्तरांना स्वतःचं दुखणं सोसवायचं, पण ती बादली बघवायची नाही. भत्त्यासाठी अर्ज करा म्हणून बाई वर्षभर मागे लागल्या होत्या आणि मास्तर वर्षभर म्हणत होते, "सरकारकडे पोटदुखीची चिठ्ठी घेऊन जाऊ? मी?" एका संध्याकाळी बाई बादलीत पाय ठेवून बसल्या बसल्याच झोपी गेल्या. पाणी गार झालं तरी त्यांना जाग आली नाही. मास्तर बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिले. सकाळी उठल्यावर ते म्हणाले, "कुठाय तो अर्ज?"

तर अशी ती दोघं रिक्षातून कचेरीकडे निघाली. वाटेत बाईंनी नियम घालून दिले.

"तिथे बसून राहायचं. उठायचं नाही. कुणाला शिस्त लावायची नाही. आणि डॉक्टरांनी कसे आहात विचारलं तर मजेत म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"खरं असेल ते."

"ते सांगायला फार वेळ लागतो गं," मास्तर म्हणाले.

कचेरीच्या दालनात पाय ठेवायला जागा नव्हती. काठ्या, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, त्यांना धरून आलेले नातेवाईक, आणि सगळे एकाच दाराकडे ढकलत होते. दाराशी एक किरकोळ शिपाई नंबर पुकारत होता, पण त्याचा आवाज त्याच्या मिशीपलीकडे जात नव्हता. मास्तर बाकावर बसले. हात मांडीवर, नजर जमिनीवर. बाईंनी सांगितलेलं सगळं ते अक्षरशः पाळत होते, आणि किती तरी वेळ पाळलं. (बाईंच्या मते पाच मिनिटं.)

मग एक धडधाकट गृहस्थ 'नुसती एक सही' असं म्हणत गर्दीत घुसला. त्याचा कोपर एका कुबडीवाल्या म्हाताऱ्या बाईला लागला. ती पडली नाही, पण तिची कुबडी पडली, आणि ती उचलायला कुणाला जागाच नव्हती.

मास्तरांचा हात खिशात गेला.

"अगदी हळू वाजवली," मास्तर नंतर सांगत. हळू म्हणजे, बाहेर रस्त्यावर पोलीस आला असं समजून रिक्षावाल्यांनी ब्रेक दाबले. आत सगळं दालन गोठलं. 'नुसती एक सही' गृहस्थाचे हात आपोआप वर गेले.

"जो जिथे आहे तिथे," मास्तर म्हणाले. ते उभे होते. कधी उठले हे त्यांनाही कळलं नव्हतं. "चाकाच्या खुर्च्या पुढे. त्यांच्यामागे कुबड्या. मग काठ्या. धडधाकट नातेवाईक भिंतीशी. सहीवाले सगळ्यात शेवटी. दोन रांगा, एक हात अंतर. शिपाईदादा, पोटातून आवाज काढा, गळ्यातून नको."

शिपायानं पोटातून आवाज काढला. तो इतका मोठा निघाला की त्याचं त्यालाच भरून आलं. कुणीतरी म्हातारीची कुबडी उचलून दिली आणि बघता बघता रांगा सरळ झाल्या. कुणी सांगितलं नसताना पहिली रांग 'एक, दोन, तीन' करत मोजणी देऊ लागली. कुबडीवाली म्हातारी 'चार' असं इतक्या खणखणीत आवाजात म्हणाली, की मास्तरांनी तिला मान डोलवून शाबासकी दिली. त्यांचे डोळे चमकत होते, गालांवर रंग आला होता.

मास्तरीणबाईंनी कपाळाला हात लावला. पण हात तिथेच राहिला आणि त्या बोटांच्या फटीतून बघत राहिल्या. दोन वर्षांत हा माणूस त्यांना भेटला नव्हता. तो असा अचानक समोर उभा राहिल्यावर त्यांना हसू की रडू कळेना. उद्या याची काय किंमत मोजावी लागणार, तेही त्यांना दिसत होतं.

"पुढचे," शिपाई गरजला, आणि मास्तरांची पाळी आली.

आतले डॉक्टर टेबलामागे उभे होते. डोक्यावरचे केस गेलेले, पोट सुटलेलं. पण ते पोट त्यांनी या क्षणी आत ओढून धरलं होतं आणि एका हातानं घाईघाईनं शर्ट खोचत होते.

"शिट्टी ऐकली आणि आपोआपच उभा राहिलो, सर," ते म्हणाले.

मास्तरांनी डोळे बारीक केले. "पोटदुख्या?"

"अहो, साहेब म्हणा," बाई कुजबुजल्या.

"साहेब काय? हा नववीत वर्षभर बाकावर बसून होता. दर सोमवारी पोट दुखायचं याचं. तू बस. बसा."

डॉक्टर बसले. मास्तरांनी परवानगी दिल्याशिवाय बसू नये हे त्यांच्या अंगात अजून मुरलेलं होतं. अर्ज पुढे ओढून त्यांनी घसा साफ केला. "कसे आहात, सर?"

"एकदम ठणठणीत," मास्तर म्हणाले.

बाईंनी टेबलाखालून त्यांच्या बुटावर पाय दिला. खडूची धूळ उडाली.

"म्हणजे... तसा ठीक," मास्तरांनी दुरुस्ती केली.

"जिना चढताना दम लागतो?"

"लागतो." हे पहिलं खरं उत्तर होतं. बाईंनी सुटकेचा श्वास सोडला, तोच मास्तर पुढे म्हणाले, "पण मी दाखवत नाही."

"हात खांद्याच्या वर जातात?"

आता हा प्रश्न व्यायामशिक्षकाला विचारावा का? मास्तर खुर्चीतून उठले. हात पुढे, हात वर, हात बाजूला, हात खाली. चारही क्रिया, तालात, शेवटी टाचा जुळवून. विशेष म्हणजे डॉक्टरांचेही हात त्यांच्याबरोबर पुढे, वर, बाजूला, खाली झाले, आणि खाली येताना शाईची बाटली घेऊन आले.

शाई पुसून झाली. डॉक्टरांनी पेन हातात घेतलं, पण टेकवलं नाही.

"काकू, आता काय लिहू मी?" ते म्हणाले. "मला समोर दिसतं तेवढंच लिहिता येतं. अख्खी कचेरी रांगेत उभी करणारा माणूस अपंग आहे, असं मी लिहिलं तर वरचे मलाच तपासायला बोलावतील."

"हे आजचं आहे हो, साहेब," बाई म्हणाल्या. "उद्या..."

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. आपण काय घालवून बसलो ते त्यांना तेव्हा कळलं. ते हळूहळू खुर्चीत बसले.

"उद्या मला पेला उचलता येणार नाही," ते म्हणाले. शिट्टीचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "परवाही नाही. पण हे तुला पटावं कसं? मी तरी कुणाचं आजारपण नुसत्या तोंडी ऐकून घेतलं? मला भत्त्याचा सोस नाही. हिला इस्त्रीच्या दुकानात उभं राहावं लागतं. रात्री पाय सुजतात हिचे. माझ्यासाठी काही नको, हिला बसायला मिळू दे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी अर्ज उचलला. त्यावर काही न लिहिता, तो न वाचता त्यांनी त्याची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

"आज तुमचं खरं, सर," ते म्हणाले. "उद्या बघू."

मास्तर चमकले.

"घरी येऊन तपासायचीही सोय आहे आमच्या नियमांत," डॉक्टर म्हणाले. "कुणी सहसा वापरत नाही. उद्या सकाळी येतो. आणि काकू, सरांना घेऊन जाताना मागच्या दारानं न्या. पुढून नेलंत तर ते पुन्हा रांग तपासतील."

रिक्षातून घरी येतानाच मास्तरांची मान बाईंच्या खांद्यावर कलंडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी सगळ्यात आधी दाढीचं सामान लपवलं. मग शिट्टी तांदळाच्या डब्यात टाकली. त्याची काही गरज नव्हती. आतल्या खोलीत पडदा ओढलेला होता आणि मास्तर उताणे पडले होते. दाराची कडी वाजली, पायांचा आवाज आला, तेव्हा पाहुण्यासमोर उठून बसावं म्हणून त्यांनी सगळी ताकद लावली. मान उशीपासून बोटभर वर आली आणि परत टेकली.

डॉक्टर पलंगाच्या कडेवर बसले. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, हात उचलून सोडून बघितला. तो ओल्या टॉवेलसारखा पडला. बाई चमच्यानं पाणी पाजत होत्या. ते संपेपर्यंत डॉक्टर थांबले.

"सर," मग ते म्हणाले, "दहावीत माझं पोट दुखलं होतं ते आठवतं? मी चिठ्ठी आणली. तुम्ही म्हणालात, आज तुझं खरं. दुसऱ्या दिवशी मी शाळेत आलोच नाही. मधल्या सुट्टीत तुम्ही आमच्या घरी."

मास्तरांचे ओठ हलले. "हिरवा पडला होतास."

"मला खांद्यावर टाकलंत आणि पळत सुटलात. आई मागून ओरडत होती, मास्तर, थांबा, रिक्षा करू. तुम्ही म्हणालात, रिक्षा मिळेपर्यंत मी पोचतो."

"पोचलो ना?"

"पोचलात. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तुमच्या खांद्यावरून उलटं दिसणारं ते मैदान अजून आठवतं मला. रेषा कशा सरळ जात होत्या."



"आणि त्याआधीच्या पोटदुख्या?" मास्तरांनी पुटपुटत विचारलं.

"त्या सगळ्या खोट्या होत्या, सर."

"ठाऊक आहे मला." मास्तरांच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग थोड्या वेळानं, "मैदानावर गेला होतास एवढ्यात?"

"जातो कधी कधी. आता रेषा यंत्रानं आखतात."

"सरळ?"

"वाकड्या."

मास्तरांना एकदम बरं वाटलं. त्यांनी समाधानानं डोळे मिटले, आणि त्या दिवशी मनातलं मैदान त्यांनी शेवटच्या रेषेपर्यंत आखून पुरं केलं.

भत्ता मंजूर झाल्याचा कागद आला तेव्हा बाईंनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. आजाराचं ते भलंमोठं नाव होतं, मुदत होती, शिक्का होता. सगळ्यात खाली डॉक्टरांनी हातानं एक शेरा लिहिला होता: 'पुढील तपासणीस येताना अर्जदाराने शिट्टी घरी ठेवावी.' मास्तर म्हणाले की सरकारी कागदावर असलं लिहिणं बेशिस्तपणाचं आहे. बाईंनी तो कागद कपाटात नीट ठेवला.

इस्त्रीचं दुकान सुटलं. त्यानंतरची पहिली संध्याकाळ. मास्तरांचा दिवस बऱ्यापैकी चालला होता. स्टुलावर बसून करण्याजोगं हलकं काम अशा दिवशी त्यांना सोसायचं. चहाची वेळ झाली, टळली, तरी आतून कपबशीचा आवाज नाही. मास्तर बघायला आत गेले. बाई खुर्चीत रेलून बसल्या होत्या, पाय समोरच्या पाटावर, मांडीवर शेंगदाण्यांची वाटी.

"चहा होतोय का?" मास्तरांनी विचारलं.

"माझं पोट दुखतंय," बाई म्हणाल्या आणि त्यांनी चार दाणे तोंडात टाकले.

मास्तर बघतच राहिले. उभ्या हयातीत इतकी धडधडीत खोटी पोटदुखी त्यांनी पाहिली नव्हती. पण पायांची सूज उतरलेली त्यांना दिसली, आणि नियम म्हणजे नियम.

"आज तुझं खरं," ते म्हणाले. "उद्या बघू." आणि स्टूल ओढून, मध्ये मध्ये थांबत, त्यांनी दोन कप चहा केला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मास्तर तपासणीसाठी खुर्चीपुढे जाऊन उभे राहिले. पोट अजून दुखत होतं. म्हणजे त्यांच्याच सिद्धांताप्रमाणे दुखणं खरं निघालं, आणि पेशंटनं सांगितलं की कालच्या औषधात साखर जरा जास्त झाली होती, आज बेतानं घाला.